कॅसिनोत पहिल्यांदाच जातोय, टेबलावर कसं वागायचं?

प्रश्न: आम्ही चौघं मित्र जाणार आहोत. पत्ते खेळता येतात, पण तिथल्या रीती ठाऊक नाहीत. हसं होऊ नये, एवढंच.

उत्तर १: माझं झालंय, म्हणून सांगतो. पहिल्याच दिवशी डीलरच्या (टेबलावर पत्ते वाटणारीच्या) हातात नोट द्यायला गेलो, तर तिने हातच मागे घेतला. पैसे टेबलावर ठेवायचे, वरच्या कॅमेऱ्याला दिसले पाहिजेत. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळातही त्यासाठीच खुणा लागतात: पत्ता हवा तर बोटाने टेबलावर टकटक, नको तर तळहात आडवा फिरवायचा. पत्ते उघडे वाटले असतील तर त्यांना शिवू नका. पैज लागल्यावर चिप्सनाही (पैशांऐवजी लावायच्या चकत्यांनाही) नाही! फोन खिशातच बरा.

उत्तर २: रुलेटच्या (फिरत्या चाकाच्या खेळाच्या) रंगीत चिप्स त्याच टेबलापुरत्या असतात. उठण्याआधी तिथेच बदलून घ्या. मी तशाच खिशात कोंबून काउंटरवर गेलो होतो, हात हलवत परत यावं लागलं.

उत्तर ३: शेजाऱ्याला न विचारता सल्ला देऊ नका हो. मी तर अशा माणसामुळे टेबलच बदललं.

प्रश्नकर्ता: आभार! टकटक आजपासूनच जेवणाच्या टेबलावर सुरू केलीय, बायको वैतागलीय.