विहिरीकाठचं मूल की वाफवलेलं लाकूड?

रानकोंब: ‘माणूस मुळात चांगला’ हे वाक्य मेन्शियसच्या नावावर सर्रास खपवलं जातं. या चिनी विचारवंताचा (इ.स.पू. ४ थं शतक) दावा त्याहून बेताचा आहे. मूल विहिरीत पडतंय असं अचानक दिसलं की कुणाच्याही काळजात चर्र होतं, आईबापांची मर्जी किंवा गावची वाहवा यांचा हिशेब सुचण्याआधीच. हा करुणेचा कोंब. लाज, नम्रता, बरंवाईट ओळखणं हे उरलेले तीन. कोंब म्हणजे पीक नव्हे.

रंधा: मग दावा उरतो किती? धावत जाऊन मूल उचललं, असं त्या उताऱ्यात कुठेच नाही! त्याच्यानंतरचा चिनी विचारवंत शुन्झी (इ.स.पू. ३ रं शतक) इथेच बोट ठेवतो: चिनी शब्दांत, उपजत ते ‘शिंग’, कमावलेलं ते ‘वेइ’, आणि मेन्शियसने दोन्हींची गल्लत केली. पोटात आग पडलेली असताना वडीलधाऱ्यांआधी घास न घेणं उपजत नाही, ते वळण आहे. वाकडं लाकूड वाफवून साच्यात आवळल्याशिवाय सरळ होत नाही.

रानकोंब: पण पहिला साचा कुणी घडवला? प्राचीन ऋषिराजांनी, असं शुन्झी म्हणतो. त्यांचा स्वभाव चारचौघांसारखाच, हेही तोच म्हणतो.

रंधा: त्याचं उत्तर आहे त्याच्याकडे. कुंभार भांडं घडवतो, म्हणून भांडं काही त्याच्या स्वभावात नसतं.

तुतीवाला: झाडालाकडातून जरा बाहेर या. नव्या घंटेला रक्त माखायला नेत असलेला बैल थरथरताना पाहून च्यी राज्याचा राजा श्वान कळवळला आणि त्याच्या जागी मेंढी द्यायला लावली. लोक म्हणाले, राजा चिक्कू. मेन्शियस म्हणाला, बैल दिसला, मेंढी दिसली नाही. खरी मेख इथे आहे: दया नजरेपुरतीच पोचते. ती प्रजेपर्यंत न्यायला तो राजाला थेट शेतीचा हिशेब देतो. घराच्या ५ मू (जमिनीचं चिनी माप) जागेत तुती लावा, म्हणजे पन्नाशीच्या माणसांना रेशीम मिळेल. १०० मू शेत द्या आणि हंगामात वेठीला धरू नका, म्हणजे ८ तोंडांचं घर उपाशी राहणार नाही. पोटाची सोय नसली की सामान्यांचं मन थाऱ्यावर राहत नाही. मग गुन्हा घडल्यावर शिक्षा करणं म्हणजे प्रजेला जाळ्यात पकडणं, हे शब्द त्याचेच.

रंधा: म्हणजे बाहेरची व्यवस्थाच लागते. माझंच म्हणणं झालं की हे.

रानकोंब: नाही. मेन्शियसच्याच दाखल्यातला ‘बैल-डोंगर’ उजाड झाला तो कुऱ्हाडीने आणि उरलेले कोंब खाणाऱ्या गुरांनी. तिथे कुंपण घातलं तर झाडं आपली आपण येतात. साच्यातल्या लाकडाला पुन्हा पालवी फुटलेली कुणी पाहिली आहे का?