जुन्या इस्टनच्या कंपोझिट शाफ्टला कुठलं ब्लेड बसेल? (आइस हॉकी)

रिंकवाली_आई (कॅलगरी)
नमस्कार मंडळी, आधीच सांगते, हे बर्फावरच्या हॉकीबद्दल आहे, आपल्या मैदानावरच्या नाही, तेव्हा ध्यानचंदांच्या आठवणी नकोत प्लीज 😀
लेक चौदा वर्षांचा आहे. त्याला टीममधल्या एका मोठ्या मुलाकडून इस्टन कंपनीचा कंपोझिट (कार्बनवाला) शाफ्ट, म्हणजे स्टिकचा दांडा, मिळाला, टू-पीसवाला, म्हणजे ब्लेड खाली वेगळं बसवायचं. त्याला तो इतका आवडलाय की नवीन वन-पीस स्टिक घेऊन देते म्हटलं तरी नको म्हणतो. आता प्रॅक्टिसला कोणाची तरी स्टिक वरून आदळली आणि ब्लेड टाचेपाशी (शाफ्टला जोडतं तिथे) चिरलं, पक (रबरी चकती) मारला की फटकन आवाज येतो आणि पक भलतीकडेच जातो. दुकानात विचारलं तर म्हणे इस्टनची हॉकी बंद झाली, ब्लेड येत नाहीत. बरं मग दुसऱ्या कंपनीचं चालेल का? तर म्हणे "डिपेंड्स". कशावर डिपेंड्स ते त्या पोराला पण सांगता येईना. नेटवर बघायला बसले तर टेपर्ड, स्टँडर्ड, पी ९२, पी ८८, लाय, लेफ्ट, राइट... डोकं गरगरायला लागलं. नवरा म्हणतो फेव्हिक्विक लाव आणि सोडून दे. कोणी नीट सांगेल का, आणि हे घरी बसवता येतं का?

बर्फाळ_सांगलीकर (एडमंटन)
ताई, फेव्हिक्विक अजिबात नको, त्यांना सांगा गप्प बसा 😂
दुकानातला म्हणाला ते खरंय, २०१६ मध्ये बाउअर (हॉकीचं सामान बनवणारी दुसरी कंपनी) हिच्या मालक कंपनीने इस्टनचा हॉकीचा धंदा घेतला आणि नंतर ते नाव शेल्फवरून गेलंच. पण तुम्हाला इस्टनचं ब्लेड लागतच नाही. कंपनी विसरा, फक्त शाफ्टचं खालचं तोंड कसलं आहे ते बघा. दोनच प्रकार असतात, स्टँडर्ड आणि टेपर्ड. स्टँडर्ड म्हणजे शाफ्ट वरपासून खालपर्यंत एकाच मापाचा, आणि टेपर्ड म्हणजे शेवटच्या काही इंचात तो निमुळता होत जातो. ब्लेडची जी खुंटी शाफ्टच्या आत जाते तिला होझल म्हणतात, टेपर्डची होझल बारीक आणि आखूड, स्टँडर्डची जाड आणि लांब. टेपर्ड शाफ्टमध्ये स्टँडर्ड ब्लेड आत शिरणारच नाही, आणि उलट केलं तर लडबडतं, कितीही ग्लू भरा, बर्फावर दोनदा उतरला की बाहेर येतं.
ओळखायचं कसं? शाफ्टच्या रुंद बाजूला पट्टी लावून धरा, खाली फट दिसली की टेपर्ड. किंवा तुटलेलं ब्लेड काढलंत की त्याची होझल शाफ्टच्या वरच्या टोकात घालून बघा (वरचा लाकडी किंवा प्लास्टिकचा प्लग काढून), घट्ट बसली तर स्टँडर्ड, खुळखुळली तर टेपर्ड. कंपोझिट टू-पीस बहुतेक टेपर्डच निघतात, जुने ॲल्युमिनियमवाले स्टँडर्ड. तो मोठा हॉकीपटू वेन ग्रेट्झकी वापरायचा ना चंदेरी इस्टन ॲल्युमिनियम, खाली लाकडी ब्लेड, ते त्या काळातलं.
अजून एक, शाफ्टवर ज्युनियर लिहिलंय का सीनियर ते बघा. ज्युनियरची मापं वेगळी, सीनियरचं ब्लेड त्यात जाणार नाही.

टोरांटो_तुकाराम
वरचं सगळं बरोबर पण एक प्रामाणिक सल्ला, चौदाचा पोरगा आहे, वर्षात चार बोटं उंच होणार, शाफ्ट आखूड पडणार, फ्लेक्स पण बदलावा लागणार (फ्लेक्सचा आकडा म्हणजे शाफ्ट एक इंच वाकवायला साधारण किती पाउंड जोर लागतो तो). टू-पीस ब्लेड आता फार कमी कंपन्या काढतात, आवडीचा कर्व्ह (ब्लेडचा बाक) मिळेलच असं नाही, आणि चांगलं कंपोझिट ब्लेड घ्यायला गेलात तर सीझन संपताना सेलमध्ये तेवढ्यात मागच्या मॉडेलची वन-पीस येते कधीकधी. वजनाला पण हलकी. भावना वगैरे ठीक आहे, खिशाकडे पण बघा.

बर्फाळ_सांगलीकर
@टोरांटो_तुकाराम अहो पण वन-पीसचं ब्लेड गेलं की अख्खी स्टिक कचऱ्यात, इथे निदान वरचा भाग वाचतो. आणि उंची वाढली तर वर लाकडी एक्स्टेंशन ठोकता येतं, शाफ्ट थोडा मऊ वाटेल एवढंच, लांबी वाढली की वाकतो जास्त.
बाय द वे मोडक्या वन-पीसचा पण शाफ्ट करता येतो, निमुळता भाग संपतो त्याच्या वर हॅकसॉने कापायचं, कापायच्या जागी मास्किंग टेप गुंडाळून (नाहीतर कार्बनचे तंतू उसवतात आणि ती कुसळं बोटात गेली की निघता निघत नाहीत, मास्क पण लावा), मग आत स्टँडर्ड ब्लेड. पण आतली पोकळी सगळ्यांची सारखी नसते, काहींच्या भिंती जाड असतात, मग लाकडी होझल पॉलिश पेपरने घासत बसावं लागतं. आणि खालचा लवचिक भागच कापला गेल्यामुळे स्टिक चांगलीच कडक होते, पोरांना नाही झेपत.

कर्वे_रोड_कर्व्ह (पुणे)
माझा भाचा इथे इनलाइन हॉकी खेळतो, चाकांच्या स्केट्सवर. फरशीवर ब्लेडचा खालचा काठ लिंबाच्या फोडीसारखा झिजतो हो, त्यामुळे आमच्याकडे शाफ्ट तोच आणि ब्लेड बदलत राहायचं हेच परवडतं. लाकडी ब्लेड जड पडतं पण पक लागलेला हाताला छान कळतो, प्रॅक्टिसला तेच लावा.
आणि लेफ्ट-राइट नीट बघून मागवा. शाफ्टला डावं-उजवं नसतं, ब्लेडला असतं. क्रिकेटमध्ये उजव्या हाताने बॅटिंग करणाऱ्याचा उजवा हात खाली असतो, हॉकीत स्टिक तशीच धरली तर तो राइट शॉट. पण तिकडे कॅनडात उजव्या हाताने लिहिणारी कितीतरी पोरं लेफ्ट खेळतात, तेव्हा तो लिहितो कुठल्या हाताने ते बघू नका, खाली कुठला हात असतो ते बघा.

रिंकवाली_आई
अरे वा काय माहिती दिलीत सगळ्यांनी! पट्टी लावली, खाली फट आहे, म्हणजे टेपर्ड. शाफ्टवर सीनियर लिहिलंय. तो लेफ्ट खेळतो. आता कर्व्ह आणि लाय सांगा, आणि जुनं ब्लेड निघत नाहीये, ओढून ओढून हात दुखले.

बर्फाळ_सांगलीकर
ओढू नका नुसतं, आत हॉट मेल्ट ग्लू आहे, गरम केल्याशिवाय हलणार नाही. हीट गन कमीवर ठेवा, जोडाच्या चारी बाजूंनी फिरवत राहा, एका जागी धरून ठेवली तर शाफ्टचं रेझिनच भाजतं आणि मग सगळंच गेलं. हेअर ड्रायरने पण होतं, वेळ लागतो फक्त. जाड ग्लव्हज घाला आणि सरळ रेषेत ओढा, पिळू नका, पिळलं की शाफ्टच्या तोंडाला चीर जाते. होझल आतच तुटून राहिली तर लांब स्क्रू फिरवून पक्कडीने ओढा. नवीन ब्लेडच्या होझलवर बहुतेक ग्लू आधीच लावलेला असतो, तो जरा वितळवून पटकन आत दाबा, ब्लेड तिरकं नाही ना बघा, आणि गार होईपर्यंत हात लावू नका.
कर्व्हचं म्हणाल तर पी ९२ घ्या (हे आकडे म्हणजे बाकाच्या नमुन्यांची नावं), सीसीएम कंपनीचा पी २९ जवळपास तोच, वेगवेगळ्या कंपन्यांची नावं बघून घाबरू नका. पी ८८ चा बाक कमी, बॅकहँडला बरा. लाय म्हणजे ब्लेड आणि शाफ्टमधल्या कोनाचा आकडा, त्यासाठी जुन्या ब्लेडच्या खालची टेप बघा, टाचेकडे झिजली असेल तर कमी आकड्याचा लाय, टोकाकडे झिजली असेल तर जास्त. सारखी झिजली असेल तर आहे तोच आकडा, जुन्या ब्लेडवर छापलेला असतो बऱ्याचदा.

टोरांटो_तुकाराम
ताई, नवीन मागवायच्या आधी तुमच्या इथल्या सेकंडहँड स्पोर्ट्सच्या दुकानात एक चक्कर टाका, कोपऱ्यात जुन्या ब्लेडचं टोपलं असतं, कोणी विचारत नाही त्याला. शाफ्ट सोबत न्या आणि होझल तिथेच घालून बघा. लेफ्ट पी ९२ टेपर्ड दोन मिळाली तर दोन्ही उचला, पुढच्या वर्षी मिळतील याची गॅरंटी नाही.