मदत हवी आहे: पुलित्झरच्या संगीत विभागात काय ऐकू?

नमस्कार मंडळी, आमच्या वाचनगटात अमेरिकेतल्या पुलित्झर पुरस्कारांवर बोलायचं आहे. पत्रकारितेचा भाग झालाय. लोकसेवा विभागात वृत्तसंस्थेला सुवर्णपदक देतात. त्याच्या मागच्या बाजूला उघड्या अंगाने यंत्र चालवणारा छपाई कामगार आहे, त्याचा सदरा यंत्राच्या टोकाला टाकलेला. हे चित्र मी सगळ्यांना दाखवणारच! साहित्याचंही जमलंय, २०१२ साली परीक्षकांनी तीन पुस्तकं सुचवूनही मंडळाने कादंबरीला पुरस्कारच दिला नाही, इथपर्यंत.

अडलंय ते संगीतापाशी. हा विभाग १९४३ पासूनचा. १९६५ मध्ये परीक्षकांनी जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांच्या विशेष सन्मानाची शिफारस केली, मंडळाने ती फेटाळली. तेव्हा ते ६६ वर्षांचे होते. सन्मान झाला १९९९ मध्ये, मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी. वाचताना फार वाईट वाटलं. जॅझला पुरस्कार १९९७ मध्ये विंटन मार्सालिस यांच्यामुळे, आणि रॅपला २०१८ मध्ये केंड्रिक लमार यांच्यामुळे.

पाश्चात्त्य संगीताचा कान नसलेल्यांना दहा मिनिटांत हा प्रवास कसा ऐकवू? एलिंग्टन यांची कुठली रचना घेऊ? जाणकारांनी कृपया सुचवा.