ढलप्यांवर भातुकलीच्या वाट्या उगवल्यात, कसली बुरशी ही?

बागवेडी_कोथरूड:
नमस्कार मंडळी, उन्हाळ्यात सोसायटीच्या बागेत जास्वंद आणि कढीपत्त्याच्या बुडाशी लाकडाच्या ढलप्या पसरल्या होत्या, ओल टिकावी म्हणून. आता आठ दिवस रिपरिप चालू आहे आणि काल तण उपटायला वाकले तर ढलप्यांवर चिमुकल्या वाट्याच वाट्या, एकेक जेमतेम करंगळीच्या नखाएवढी, बाहेरून तपकिरी नि केसाळ, आतून राखाडी चकचकीत आणि तळाशी चार-पाच चपटे दाणे. आधी वाटलं गोगलगायीची अंडी. माळीकाका म्हणतात बुरशीनाशक मारू. झाडांना धोका आहे का?

रानवाटा:
ताई औषध अजिबात मारू नका, नशीबवान आहात! ही बर्ड्स नेस्ट फंगस, सायथस गटातली दिसतेय. मेलेलं लाकूड कुजवून त्यावर जगते, जिवंत मुळांच्या वाटेला जात नाही. दाणे म्हणजे बीजाणूंच्या पुड्या. पावसाचा टपोरा थेंब वाटीत पडला की पुडी उडते ती पार मीटरभरसुद्धा जाते, आणि तिला मागे धागा असतो, त्याचं टोक चिकट, वाटेत काडी किंवा पान आलं की तो गुंडाळून बसतो. वाटीत आतून उभ्या रेघा आहेत का बघा, सायथस स्ट्रायटसला असतात. आणि तोंडावर पडदा असलेल्या वाट्या म्हणजे अजून कोवळ्या.

कुंडीतला_शेतकरी:
माझ्याकडे वारज्यात शेणखताच्या कुंडीत अशाच येतात दरवर्षी, पण दाणे काळेकुट्ट. सायथस स्टर्कोरियस ती, तिला शेण आवडतं. मिरचीला काही झालं नाही कधी. खायची मात्र नाही, लहान मुलं असतील तर सांगून ठेवा. भिंतीवर किंवा गाडीवर डांबरासारखे ठिपके दिसले तर ती वेगळी, स्फेरोबोलस, ती पावसाची वाट बघत नाही, स्वतःच गोळी झाडते आणि ते डाग निघता निघत नाहीत.

बागवेडी_कोथरूड:
रेघा आहेत!! आणि रानवाटा, तुम्ही म्हणालात म्हणून कढीपत्त्याची खालची पानं उलटून पाहिली, तीन पानांना मागून दाणे चिकटलेत, नखानं खरवडला तेव्हा एक सुटला आणि केसाएवढा धागा मागे लोंबत आला. माळीकाकांना दाखवलं, ते भिंग मागून घेऊन बसलेत तिथेच, औषधाची बाटली परत कपाटात.

रानवाटा:
वा! आता एक ढलपी पागोळ्यांखाली ठेवा आणि बाजूला पांढरा कागद पसरा, सकाळी दाणे मोजून इथे टाका.