मुंज्याला हिट पॉइंट द्यायचे का?

पिंपळावरचा
आमच्या गटाची पुढची डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट खेळायचा खेळ) कॅम्पेन, म्हणजे बरेच दिवस चालणारी एक गोष्ट, रामटेकच्या पायथ्याशी, एका काल्पनिक गावात रंगणार आहे. आमच्या डीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं, मुंज्या, हडळ, चकवा, वेताळ अशी सगळी मंडळी 'अनडेड' (मेलेले, तरी हिंडणारे) या एकाच खात्यात कोंबली. म्हणजे क्लेरिकनं, देवाची शक्ती वापरणाऱ्या पुजारी-योद्ध्यानं, 'टर्न अनडेड' हा भुतं पळवायचा मंत्र म्हटला की मुंज्या पळणार आणि रेडियंट डॅमेज (दैवी उजेडाचा मार) बसला की हडळ खलास! मग मुंज्या हवाच कशाला? झोंबीलाच शेंडी लावा. मुंज झाली पण सोडमुंजीआधीच गेला, तो पोरगा म्हणजे मुंज्या. त्याचं काहीतरी राहिलंय म्हणून तो पिंपळ सोडत नाही. तलवारीनं तो संपता कामा नये. हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसून मरायचं तो आकडा, काढूनच टाका.

तर्रीवाला डीएम
तो डीएम मीच. काऊन बे, हिट पॉइंट काढले तर खेळणाऱ्यांनी काय आरती म्हणत बसायचं? पाचव्या आवृत्तीचं पुस्तक नीट वाच. लिच म्हणजे मरूनही उरलेला जादूगार; त्याचं शरीर मोडलं तरी जीव फायलॅक्टरीत, त्या जीव ठेवायच्या डबीत, शाबूत. 1 ते 10 दिवसांत नवं शरीर तयार. रेव्हनंटला, म्हणजे सूडासाठी उठलेल्या मेलेल्याला, पाडलं तर चोवीस तासांनी दुसऱ्या प्रेतात शिरून उठतो, आणि सूड उगवायला त्याला वर्षाची मुदत असते. न मरणाऱ्याला खेळवायचं कसं, हे तिथं कधीचंच सुटलेलं आहे. आपण फक्त कारण गावचं घालायचं. माझा मुंज्या 0 वर आला की विरतो, दिवेलागणीला पुन्हा पारावर हजर. घरचं कोणी शोधून आणलं, राहिलेली सोडमुंज लावली, की मोकळा. तोवर दगड खा.

पिंपळावरचा
मुंज्याचं जमलं म्हणू. चकव्याचं काय? तो कोणाचा मेलेला आत्मा आहे, सांग. रानात एकाच बाभळीशी माणसाला पुन्हा पुन्हा आणून सोडतो, बस. त्याच्यावर बाण कुठं मारणार? आणि वेताळ! सोमदेवाच्या 11व्या शतकातल्या कथासरित्सागरात तो प्रेतात शिरून राजाला कोडी घालतो, ते तुझ्या कामाचं आहे, मान्य. पण गोव्या-कोकणात त्याची देवळं आहेत, गावाचा राखणदार म्हणून. क्लेरिकनं हात वर केला की राखणदारच पळून जाणार?

तर्रीवाला डीएम
चकवा सापळ्यांच्या खात्यात टाकतो, जा. विज्डमचा सेव्ह (भूल टाळायला टाकलेला फासा) हुकला की पार्टी, म्हणजे खेळणाऱ्यांची टोळी, रात्रभर गरगर. वेताळ मात्र ठेवून राहिलो. क्लेरिक त्याच्यावर फसला तर टेबलावर मजाच येईल.

सेमिनरी हिल्सची
तुम्ही दोघं हडळीला सरळ ओलांडून गेलात. बाळंतपणात गेलेली बाई ती. उलटी पावलं, मोकळे केस, आणि तिच्यावर फायरबॉल टाकून एक्सपीरियन्स पॉइंट कमवायचे? गावात आजही एखादीला करणीवाली ठरवून छळतात. राज्यात 2013 साली त्यासाठी कायदा करावा लागला. मी खेळतेच, पण तिला सीआर (राक्षस किती अवघड त्याचा आकडा) लावून मारायच्या यादीत घालू नका. खवीसही काढा. त्याला मुसलमानाचं भूत म्हणून रंगवायची जुनी खोड आहे, ती आपल्या टेबलावर नको.

तर्रीवाला डीएम
खवीस कटाप, वाद नाही. हडळ राहील. भीतीच काढून टाकली तर उरतं काय? तिची गोष्ट पार्टीला कळेपर्यंत ती भ्या दाखवणारच.

सेमिनरी हिल्सची
आणि कळल्यावर? गावानं तिला वेळेत सुईण का नाही दिली, हा प्रश्न पार्टी विचारणार असेल तरच माझा क्लेरिक येईल.

महालातला
एवढं रामायण, आणि आपल्या नागपूरच्या मारबतीचं, त्या पीडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या पुतळ्याचं, नाव कोणी घेतलं नाही! काळी मारबत 1881पासून निघते म्हणतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बडग्यांसोबत (तेही पुतळेच) वाजतगाजत फिरवायची, 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' ओरडायचं आणि शेवटी जाळायची. पुढच्या वर्षी बाई पुन्हा उभी! मेलेलीच नाही, तर अनडेड कशी म्हणणार? गावची रोगराई तिच्या अंगात जितकी भरेल तितकी ती मोठी होते, असा नियम करा. लढायचं नाही, वेशीपर्यंत पोचवायची.

पिंपळावरचा
हे खरं! असंच पाहिजे.

सेमिनरी हिल्सची
लोक तिला नवस बोलतात, लेकरं पायाशी घालतात. जपून.

तर्रीवाला डीएम
वेशीपर्यंत पोचवायची म्हणजे ओझं वाहायचं. स्ट्रेंग्थ चेक, ताकदीचा फासा टाका. आणि हिट पॉइंट तिला देतोच, वाटेत कोणी दगड मारला तर मोजायला नको का?