हे ऐकायचं संगीत की नुसतं चालू ठेवायचं?

बेसूर_पण_हौशी
दोन आठवडे झाले, रोज रात्री मॅक्स रिख्टर या संगीतकाराचा 'स्लीप' लावतोय. २०१५ चा अल्बम, पूर्ण लांबी आठ तासांच्या वर, झोपेत ऐकण्यासाठीच बनवलेला. पहिल्या दोन रात्री मस्त झोपलो. तिसऱ्या रात्री ठरवून जागा राहिलो आणि अडीच तासांनी लक्षात आलं की आत्तापर्यंत काय ऐकलं ते मलाच सांगता येत नाहीये, पियानोचे संथ कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), मग तंतुवाद्यं, मग परत पियानो, मग कुणीतरी बाई आऽऽ करते, आणि परत पहिल्यापासून. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. 'कंटेंपररी क्लासिकल' (आजचं पाश्चात्त्य अभिजात संगीत) या नावाखाली हल्ली जे येतंय त्यातलं निम्म्याहून जास्त म्हणजे सुगंधी मेणबत्ती आहे. वास छान, पण त्याला रचना म्हणायचं? ज्यांना आवडतं त्यांनी सांगा, नक्की काय ऐकता तुम्ही त्यात?

खर्ज
म्हणजे झोपायला बनवलेला अल्बम जागं राहून ऐकलात आणि नापास केलात. अंगाईत ताना नाहीत म्हणून तिला कुणी नावं ठेवतं का हो? तो माणूस लंडनला पहिल्यांदा हे वाजवताना लोकांना खुर्च्या नाही, पलंग देऊन बसला होता, त्याने काहीच लपवलेलं नाहीये. तुम्ही परीक्षेचा पेपरच वेगळा काढलाय.

बेसूर_पण_हौशी
@खर्ज अंगाई पाच मिनिटांत संपते, रेकॉर्ड कंपनी ती आठ तासांची करून विकत नाही :)

अर्धमात्रा
तुम्हा दोघांचं भांडण एकाच अल्बमवर चाललंय आणि निकाल मात्र सगळ्या प्रकारावर. कमी सुरांचं संगीत म्हणजे झोपेचं संगीत नाही. संगीतकार आर्व्हो पार्टचा 'ताबुला रासा' घ्या, १९८४ चा अल्बम, ईसीएम या रेकॉर्ड कंपनीने 'न्यू सिरीज' ही अल्बमची मालिका सुरू केली ती यानेच. त्याची पद्धत सांगायला फार सोपी, एक आवाज सप्तकात पायरी पायरीने चालतो आणि दुसरा एकाच कॉर्डच्या तीन सुरांना चिकटून राहतो, संपलं. पण शेवटचा भाग ऐका, 'सिलेंटियम'. दोन व्हायोलिनं, मागे तारांत स्क्रू वगैरे अडकवलेला पियानो, तो अधूनमधून घंटेसारखा वाजतो. सगळं डी मायनरमध्ये आहे, म्हणजे डी आपला सा धरा. शेवटी एकेक वाद्य गळत जातं आणि डबल बास एकटा खाली उतरत उतरत रे वर येतो. आणि सा येतच नाही. सा च्या जागी शांतता आहे, आणि ती स्वरलिपीत लिहिलेली आहे, वाजवणारा थकला म्हणून थांबला असं नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो सा मीच मनात लावला, घशाशी आला होता अक्षरशः. मेणबत्तीने असं होत नाही.

चिमटा
सा वाजवलाच नाही म्हणून कौतुक! आमच्या क्लासात सा चुकला की बाहेर उभं करायचे.

कोमल_ऋषभ
@चिमटा 😂
मी खर्जच्या बाजूने. पियानोवाल्या नील्स फ्राहमचा 'फेल्ट' (२०११) ऐकलाय का कुणी हेडफोनवर? रात्री वाजवताना शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्याने पियानोच्या तारांवर नमद्याचं जाड कापड टाकलं, मग आवाज इतका हळू झाला की माइक पार पियानोच्या पोटात न्यावे लागले. त्यामुळे सुराच्या आधी हातोडीची सरसर ऐकू येते, पट्टी उचलली जातानाची खुट्ट, बाकाची करकर, त्याचा श्वास. सूर कमी आहेत कबूल, पण सुराच्या आजूबाजूचं जे एरवी पुसून टाकतात ते सगळं इथे आहे. मला तर वाटतं की कान तीक्ष्ण करायला असे अल्बम चांगले, झोपायला नाही.

बेसूर_पण_हौशी
@कोमल_ऋषभ फ्राहमचं मान्य, त्याला अडचण होती त्यातून ते निघालं. पण नंतर काय झालं बघा की. आता तो 'नमद्याचा पियानो' सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळतो, खुट्ट आणि करकर सकट. कुणाच्या शेजारी कुणी झोपलेलं नाही, कापड नाही, पियानोसुद्धा नाही, आणि करकर आहे! माझी चीड त्याची आहे. आणि स्ट्रीमिंगवर ३० सेकंद वाजलं की एक प्ले धरतात, मग दोन-दोन मिनिटांचे, सुरुवात नाही शेवट नाही असे तुकडे करून 'पीस', 'फोकस', 'रेन' अशा प्लेलिस्टमध्ये ढकलायचे. पार्टचं नाव पुढे करून यांना आत घेऊ नका एवढंच म्हणणं आहे.

अर्धमात्रा
हे आधी लिहिलं असतंत तर मी एवढं टाइप केलं नसतं.

खर्ज
पण नकलाकार सगळीकडे असतात ना, त्यांच्यावरून प्रकार कसा मोडीत काढणार. आणि 'चालू ठेवायचं संगीत' ही कल्पना काही प्लेलिस्टवाल्यांची नाही. एरिक साती या फ्रेंच संगीतकाराने १९२० मध्ये 'फर्निचर संगीत' म्हणून मध्यंतरात वाजवायला दिलं होतं, लोकांनी गप्पा माराव्यात, फिरावं अशी अपेक्षा, तर लोक गुपचूप जागेवर बसून ऐकायला लागले आणि हाच ओरडत सुटला की बोला, फिरा, ऐकू नका! ऐकायचं की नाही हे शेवटी ऐकणारा ठरवतो, लेबल नाही.

मोजून_अठरा
मध्येच तोंड घालतो. तोचतोचपणाला नावं ठेवणाऱ्यांनी संगीतकार स्टीव्ह राइशचं 'म्युझिक फॉर एटीन म्युझिशियन्स' एकदा सलग ऐकावं, १९७८ चं ईसीएमचंच रेकॉर्डिंग. अकरा कॉर्ड आणि तासभर न थांबणारा ठेका, कागदावर कंटाळवाणं वाटेल. पण त्यात बास क्लॅरिनेट आणि बायकांचे आवाज एका श्वासात जेवढं टिकेल तेवढंच धरतात, लाट येते नि ओसरते, आणि हात हलवणारा कंडक्टर नाहीच, व्हायब्राफोनवाला (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) खूण वाजवतो की सगळे पुढच्या वळणावर. एकदा ती खूण पकडता आली की तासभर हलवत नाही जागेवरून. 'स्लीप' मध्ये मलाही अशी पकडायला काही खूण सापडली नाही, तेवढ्यापुरता मी हौशींच्या बाजूने.

कोमल_ऋषभ
खूण नसणं हाच त्याचा मुद्दा असेल तर?

मोजून_अठरा
असेल. मग मला झोपू द्या.

तळटीप
इतका वेळ वाचत होते. पोलिश संगीतकार गोरेत्स्कीची तिसरी सिंफनी (वाद्यवृंदाची मोठी रचना) कुणी काढलीच नाही? १९७६ ची रचना, तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही, मग १९९२ मध्ये गायिका डॉन अपशॉच्या आवाजातला अल्बम आला आणि दहा लाखांच्या वर खपला. तीनही भाग संथ. कितीतरी जणांनी तो 'शांत वाटतं' म्हणूनच घेतला असणार, मीही त्यातलीच, काम करताना लावायचे. पुढे कधीतरी शब्दांचा अर्थ वाचला. दुसऱ्या भागातले शब्द गेस्टापोच्या (नाझी गुप्त पोलिसांच्या) कोठडीच्या भिंतीवर एका अठरा वर्षांच्या मुलीने खरडलेले आहेत, आईला उद्देशून, रडू नकोस म्हणून. तेव्हापासून काम करताना लावता येत नाही. त्यामुळे @खर्ज, ऐकणारा ठरवतो हे अर्धंच पटतं. मी वर्षभर चुकीचं ठरवलं होतं.

खर्ज
@तळटीप हम्म. पण शब्द माहीत नसताना जे शांत वाटलं ते खोटं होतं का मग?

तळटीप
खोटं नव्हतं. पण आता आठवलं की ओशाळल्यासारखं होतं.

बेसूर_पण_हौशी
काल रात्री अर्धमात्रांचं ऐकून दिवे घालवून 'ताबुला रासा' लावला. पूर्ण. हललो नाही. शेवटी बास उतरत उतरत खरंच रे वर आला, थांबला, मी श्वास रोखून ती शांतता ऐकतोय... आणि अल्बम संपला म्हणून ॲपने आपलं आपण पुढचं लावलं. नमद्याचा पियानो. करकर सकट.

अर्धमात्रा
😭😭 अहो ऑटोप्ले बंद करा आधी. आणि परत लावा.