आजीच्या गिनीवर मीना केलाय, किंमत येईल का?

आजीच्या डब्यात १९१८ ची पंचम जॉर्जची गिनी (सोन्याचं नाणं) सापडली पण वर कडी डाखलेली आणि नाण्यावरच्या घोड्यावर लाल-हिरवा मीना (रंगीत काचेचा मुलामा), खरी असेल का?

नाणेवेडा: गिनी ७.९८ ग्रॅमची, २२ कॅरेट, पण तुझ्या कडी-मीन्याने वजन जास्तच येणार म्हणून व्यास मोज, साधारण २२ मिमी. सोनाराकडे मशीनवर कॅरेट पण बघून घे.

पेठकर काकू: संग्राहक असल्या कडी-मीन्याच्या नाण्याला हात लावत नाहीत गं, सोन्याचा भाव तेवढा मिळेल. मीना खरवडू नकोस हां, आमच्या दिरांनी खरवडला नि घोड्याचं तोंडच गेलं 😀

नाणेवेडा: सालाच्या वर जमिनीच्या रेषेत बारीक इंग्रजी 'आय' (I) दिसतो का? असला तर ती मुंबईत पाडलेली, नकलीवर पण असतो म्हणा.

भिंगातून बघितलं, आहे! आता विकत नाही जा.